रिनोव्हेशनचा राडारोडा जातो कुठे? कॉन्ट्रॅक्टर आणि घरमालकाने काय करायला हवं?

किचनचा ओटा बदलला, बाथरूमच्या टाइल्स उखडल्या, एक भिंत पाडून हॉल मोठा केला. काम संपताना टेम्पो येतो, गोण्या भरतात आणि जिना झाडून घेतला की राडारोड्याचा विषय संपतो. त्या गोण्या कुठे रिकाम्या झाल्या, हे घरमालक विचारत नाही. कॉन्ट्रॅक्टर टेम्पोवाल्याला विचारत नाही. टेम्पोवाला रात्री एखादा नाला, खाडीचा किनारा किंवा हायवेलगतची मोकळी जागा बघतो आणि गाडी रिकामी करतो.

मुंबईत याला डेब्रिज म्हणतात, पुण्यात राडारोडा, विदर्भात मलबा. हा प्रश्न मोठ्या बिल्डरांचाच आहे असं वाटू शकतं. पण शहराच्या गल्लीबोळांत दिसणारे ढीग बऱ्याचदा लहान कामांचे असतात. टाइल्सवाला, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगारी, सुतार, एसी मेकॅनिक आणि या सगळ्यांना घेऊन काम करणारा छोटा कॉन्ट्रॅक्टर यांच्या हातून तो निघतो. नियम काय आहे, कोणता कचरा कुठे द्यायचा आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, ते समजून घेऊ.

एका फ्लॅटमधून किती राडारोडा निघतो?

देशात वर्षानुवर्षे वापरला जाणारा अंदाज टायफॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचा आहे. त्यानुसार नवं बांधकाम करताना चौरस मीटरमागे ४० ते ६० किलो, दुरुस्ती-नूतनीकरणात ४० ते ५० किलो आणि इमारत पाडताना ३०० ते ५०० किलो कचरा निघतो.

आता ६०० चौरस फुटांचा फ्लॅट घ्या. म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. नूतनीकरणाच्या दराने हिशोब केला तर सव्वादोन ते पावणेतीन टन राडारोडा होतो. एक गोणी ४० किलोची धरली तर साठेक गोण्या. 'छोटा हत्ती' पाऊण टन माल नेतो असं धरलं तर तीन-चार फेऱ्या.

हा झाला सरासरी आकडा. घरभर फरशी बदलायची असेल तर तो चटकन वाढतो. फरशीखालचा पाच सेंटिमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा थर उखडला, तर त्याचंच वजन चौरस मीटरमागे साधारण १०० किलो भरतं. त्यामुळे 'थोडंसंच काम आहे' म्हणून सुरू झालेल्या कामातून पाच-सहा टन माल निघू शकतो.

नियम काय सांगतो?

बांधकामाच्या कचऱ्यासाठी देशात पहिल्यांदा स्वतंत्र नियम आले ते मार्च २०१६ मध्ये. त्याआधी हा विषय घनकचऱ्याच्या नियमांतच मोडायचा. या नियमांनी कचऱ्याची जी व्याख्या केली, तिच्यात नवं बांधकाम आणि पाडकाम यांच्याबरोबर दुरुस्ती आणि फेरबदलही स्पष्टपणे आले. त्यामुळे 'आमचं फक्त बाथरूमचं काम होतं' ही पळवाट राहिली नाही.

त्यात लहान कामांसाठीही काही जबाबदाऱ्या ठरल्या:

- राडारोडा ज्याच्या कामातून निघतो, तो गोळा करणं, वेगळा करणं आणि नीट ठेवणं ही त्याचीच जबाबदारी.
- घरातला ओला-सुका कचरा त्यात मिसळायचा नाही.
- तो आपल्या आवारातच ठेवायचा किंवा महापालिकेच्या संकलन केंद्रावर अथवा अधिकृत प्रक्रिया केंद्रात द्यायचा.
- रस्ता, पादचारी मार्ग, गटार, नाला यांत अडथळा होईल असा टाकायचा नाही.

मोठ्या कामांसाठी जास्त कडक अट होती. दिवसाला २० टनांपेक्षा किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त कचरा निघत असेल, तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असे चार वेगळे ढीग करायचे, महापालिकेकडे आराखडा द्यायचा आणि शुल्क भरायचं.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने नवे नियम प्रसिद्ध केले. त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठेवण्यात आली. यातला मोठा बदल २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांसाठी आहे. त्यांनी आपल्या कचऱ्यातल्या ठरावीक हिश्श्याचा पुनर्वापर झाल्याचा हिशोब द्यायचा आहे. फ्लॅटचं काम करणारा कॉन्ट्रॅक्टर या हिशोबात येत नाही. पण वाटेल तिथे गोण्या टाकायची मुभा त्याला त्यामुळे मिळत नाही.

चुकीच्या जागी पडला तर बिघडतं काय?

विटा आणि सिमेंट कुजत नाहीत, वास येत नाही, मग त्रास काय, असं अनेकांना वाटतं. त्रास नेमका तिथेच आहे. टाकलेला राडारोडा तिथून हलत नाही.

नाल्यात पडला की तो तळाशी बसतो आणि पाण्याची वाट अरुंद करतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतका पाऊस कुठल्याही शहराला जड गेला असता, पण मिठी नदीचं पात्र आधीच भराव, अतिक्रमण आणि कचऱ्याने आवळलं गेलं होतं, हेही त्या पुरानंतर सगळ्यांसमोर आलं.

खाडीकाठी पडला की खारफुटीची मुळं गाडली जातात, भरतीचं पाणी आत येईनासं होतं आणि झाडं उभ्याउभ्या वाळतात. मग तिथे तयार झालेल्या 'जमिनी'वर कोणीतरी पत्र्याची शेड उभी करतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच खारफुटीत आणि तिच्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करायला आणि भराव टाकायला मनाई केली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला असल्याचं म्हटलं.

याची झळ थेट बांधकाम व्यवसायालाही बसली आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनार डंपिंग ग्राउंडला मोठी आग लागली. त्यानंतर महिनाभरात मुंबई उच्च न्यायालयाने कचरा टाकायला पुरेशी आणि नियमात बसणारी जागा नाही, या कारणावरून शहरात नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली. पुनर्विकासासारखी काही कामं त्यातून वगळली होती. ही बंदी दोन वर्षं राहिली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आधी सहा महिन्यांसाठी सैल केली, तीही राडारोडा ठरवून दिलेल्या जागीच टाकायच्या अटीवर. कचऱ्याची सोय नाही म्हणून मुंबईसारख्या शहरात नव्या इमारतींच्या परवानग्या अडल्या, तेव्हा त्यावर पोट असलेले मिस्त्री, प्लंबर, वायरमन सगळेच त्यात भरडले गेले.

दिलेल्या राडारोड्याचं पुढे काय होतं?

देशातलं पहिलं प्रक्रिया केंद्र दिल्लीत बुराडी इथे २००९ मध्ये सुरू झालं. आता महाराष्ट्रातही अशी केंद्रं आहेत. मुंबईसाठी दहिसर आणि शिळफाट्याजवळ डायघर इथे, पुण्यासाठी वाघोलीत, पिंपरी-चिंचवडसाठी मोशीत.

काम साधं आहे. आलेला माल वजन करून उतरवतात. मोठं लाकूड, प्लास्टिक, कापड हाताने काढतात. चुंबकाने लोखंड वेगळं होतं. उरलेलं क्रशरमध्ये भरडतात, चाळतात, काही ठिकाणी धुतात. त्यातून वेगवेगळ्या आकाराची खडी आणि वाळू मिळते. तिच्यापासून पेव्हर ब्लॉक, फुटपाथच्या कडेचे दगड, विटा बनतात, रस्त्याच्या खालच्या थरातही ती वापरतात.

हा माल दुय्यम समजायचं कारण नाही. खडी-वाळूसाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ३८३ मध्ये, २०१६ पासून पुनर्वापराच्या काँक्रीटच्या खडीला जागा मिळाली आहे. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि पायाखालच्या कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के.

मात्र हे सगळं जमतं ते माल स्वच्छ असेल तर. घरगुती राडारोड्यातला सगळ्यात मोठा खोडा म्हणजे पीओपी आणि जिप्समची फॉल्स सीलिंग. जिप्सममधलं सल्फेट सिमेंटशी रासायनिक क्रिया करतं, नवं काँक्रीट आतून फुगतं आणि तडकतं. तेच जिप्सम ओल्या कचऱ्याबरोबर हवा न लागता पडून राहिलं की हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू तयार होतो. म्हणून विटांच्या गोणीत पीओपीचे तुकडे आणि मजुरांच्या जेवणाच्या पिशव्या गेल्या, तर केंद्रापर्यंत पोचलेली गोणीही निकामी ठरू शकते.

मग वेगळं करायचं कधी?

तोडण्याआधी. एकदा सगळं एकत्र पडलं की ढिगातून निवडत बसायला कोणाकडे वेळ नसतो. त्यामुळे उतरवायचा क्रम महत्त्वाचा.

पहिल्या दिवशी जे अख्खं निघतं ते काढायचं. दारं, चौकटी, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, पितळी नळ, बेसिन, पंखे, स्विच, वायर. जुन्या वाड्यातल्या किंवा चाळीतल्या सागवानी चौकटीला आजही गिऱ्हाईक आहे. धातूला भंगारवाला रोख पैसे देतो. हातोडा आधी पडला तर याच वस्तूंचा राडारोडा होतो आणि तो उचलायला उलट पैसे मोजावे लागतात.

दुसऱ्या टप्प्यात पीओपी आणि जिप्समचे बोर्ड. ते वेगळ्या गोण्यांत भरायचे आणि गोणीवर मार्करने लिहायचं. तिसऱ्या टप्प्यात विटा, गिलावा, काँक्रीट, टाइल्स. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, खोके, टाइल्सचं पॅकिंग हा सुका कचरा, त्याची गोणी निराळी.

तोडताना पाणी मारायला विसरू नका. वाळू, सिमेंट आणि टाइल्सच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत जात राहिली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ग्राइंडर चालवणाऱ्याच्या नाकाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो.

जो गोणीत जाताच कामा नये

प्रत्येक कारागिराच्या कामात असा थोडा कचरा असतो जो वजनाने कमी पण त्रासाने मोठा. तो राडारोड्यातही नको आणि घंटागाडीतही नको.

*इलेक्ट्रिशियन:* ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. त्या फोडायच्या नाहीत. खोक्यात उभ्या ठेवून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्यायच्या. जुन्या वायरमधलं तांबं काढायला ती जाळणं सर्रास चालतं. पीव्हीसी जळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं निघतात. वायर सोलून काढा किंवा तशीच विका.

*एसी मेकॅनिक:* जुना एसी काढताना गॅस हवेत सोडून देणं ही सगळ्यात महाग पडणारी घाई. आर-२२ हा गॅस ओझोनच्या थराला मारक आहे. शिवाय शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापमान वाढवतो. म्हणजे एक किलो गॅस सोडला तर जवळपास १.८ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. मशीन चालू असेल तर 'पंप डाउन' करून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेता येतो. बंद असेल तर रिकव्हरी मशीन आणि सिलेंडर लागतो.

*रंगारी:* उरलेला रंग, थिनर, पॉलिश गटारात ओतायचं नाही. ब्रश धुताना आधी कागदावर पुसून घ्या, मग कमी पाण्यात धुवा. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या थरांत शिसं जास्त असू शकतं. ते कोरडे घासू नका, ओले करून खरवडा. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवा.

*पत्रे बदलणारे:* जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचे असतात. अख्खा पत्रा फार धोकादायक नसतो, पण फुटला, कापला, घासला की त्यातले डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. बोल्ट सैल करून, पाणी मारून, अख्खा उतरवायचा आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. हा घातक कचरा आहे, त्यामुळे तो कुठे द्यायचा ते महापालिका किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधी विचारून ठेवायचं.

*प्लंबर आणि टाइल्सवाले:* घमेलं आणि थापी बाथरूममध्ये धुतली की सिमेंटचं पाणी नहाणीच्या ट्रॅपमध्ये जाऊन तिथेच घट्ट होतं. खालच्या मजल्यावरची गळतीची तक्रार अनेकदा इथून सुरू होते. ड्रममध्ये धुवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी पुन्हा कामात वापरा आणि वाळलेला गाळ राडारोड्यात टाका.

पैसे कोणी द्यायचे?

इथे खरी गोम आहे. बहुतेक कोटेशनमध्ये तोडकाम, टाइल्स, प्लंबिंग, मजुरी अशा ओळी असतात. राडारोड्याची ओळ नसते किंवा 'डेब्रिज उचलणे' एवढेच दोन शब्द असतात. कॉन्ट्रॅक्टर ते काम एकरकमी टेम्पोवाल्याला देतो. टेम्पोवाल्याला केंद्र लांब पडतं, डिझेल जातं, रांग असते, शुल्क लागतं. रात्रीचा नाला फुकट असतो. ठरलेल्या रकमेत त्याला नियम पाळणं परवडतच नाही.

म्हणून राडारोडा ही कोटेशनमधली स्वतंत्र ओळ हवी. ती अशी लिहिता येईल:

'तोडकामातून निघणारा राडारोडा, अंदाजे ३ टन. गोण्या भरणे, खाली उतरवणे, वाहतूक आणि केंद्राचे शुल्क धरून. माल महापालिकेच्या केंद्रावर देऊन वजनाची पावती घरमालकाला दिली जाईल. प्रत्यक्ष वजन जास्त भरल्यास ठरलेल्या दराने फरक.'

या चार वाक्यांनी तीन गोष्टी होतात. खर्च आधीच समोर येतो, वजनावरून नंतर वाद होत नाही आणि पावतीमुळे माल कुठे गेला त्याचा कागद हाती राहतो. सोसायटीनेही कामाची परवानगी देताना घेतलेलं डिपॉझिट ही पावती दाखवल्यावरच परत करायचं ठरवलं, तर सगळ्यांना तीच सवय लागेल.

दरवेळी मोठा खर्च येतोच असं नाही. मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे आणि तिच्यात ५०० किलोपर्यंतचा राडारोडा मोफत उचलण्याची सोय ठेवली होती. इतर शहरांत संकलनाची ठिकाणं आणि दर वेगवेगळे आहेत. आजची स्थिती आपल्या वॉर्ड किंवा क्षेत्रीय कार्यालयात काम सुरू होण्याआधी विचारा. गोण्या गेटवर आल्यावर चौकशी करायला वेळ उरत नाही.

घरमालकाने विचारायचे पाच प्रश्न

१. माझ्या कामातून अंदाजे किती टन राडारोडा निघेल?
२. तो कुठे देणार, केंद्राचं नाव काय?
३. गाडी कोणाची, नंबर काय?
४. वजनाची पावती मला मिळेल का?
५. ट्यूबलाइट, एसीचा गॅस, जुने पत्रे, उरलेला रंग यांचं काय करणार?

ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे या पाचांची उत्तरं तयार आहेत, त्याचं कोटेशन कदाचित दुसऱ्यापेक्षा काही हजारांनी जास्त असेल. दोन कोटेशन शेजारी ठेवताना हा फरक कशाचा आहे ते आधी बघा. स्वस्त कोटेशनमध्ये राडारोड्याची ओळ नसेल, तर तो खर्च वाचलेला नसतो. तो पावसाळ्यात तुंबलेल्या नाल्याच्या रूपाने दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जातो, आणि कधीकधी आपल्याच.